२८ लाख मतं आणि १२९ चा फरक : अटीतटीच्या निवडणुकीत प्रत्येक मोजणीला आकडा का बदलतो?

अमेरिकेत २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये ३६ राज्यं आपापला गव्हर्नर निवडणार आहेत. त्यातल्या एखाद्या राज्यात लढत अटीतटीची झाली, की पुढचं चित्र ठरलेलं असतं. मतदानाच्या रात्री एक उमेदवार पुढे, तीन दिवसांनी दुसरा, मग पुनर्मोजणी, मग कोर्ट. आणि सोबत आरोप येतात : "मतं अचानक सापडली", "जिंकेपर्यंत मोजत बसले", "मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली".

हे आरोप आपल्याला परके नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला, तेव्हा महाराष्ट्रात हेच सगळं बोललं गेलं. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८ मतांनी निकाल लागले.

मतमोजणीच्या बातम्या करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : कागद तेच, मतं तीच, मग आकडा बदलतो कसा? याचं उत्तर समजून घ्यायला मला २००४ मधली वॉशिंग्टन राज्याची गव्हर्नरपदाची निवडणूक सगळ्यात उपयोगी वाटते. त्या निवडणुकीत तीनदा मोजणी झाली, तीनदा वेगळा आकडा आला आणि तिसऱ्या वेळी विजेताच बदलला. पुढे कोर्टात एकेका लिफाफ्याचा हिशेब निघाला, म्हणून आतमध्ये नेमकं काय घडलं होतं हे आज आपल्याला तपशिलात पाहता येतं.

## आधी पदाविषयी

वॉशिंग्टन राज्य म्हणजे राजधानीचं वॉशिंग्टन शहर नव्हे. हे राज्य देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावर आहे. सिएटल शहर आणि मायक्रोसॉफ्टचं रेडमंड इथलंच. रेडमंड-बेल्व्ह्यूच्या परिसरात आज मराठी घरंही भरपूर आहेत.

तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा राष्ट्रपतींनी नेमलेला नसतो. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळ जातो. राज्याचा कारभार तो चालवतो, अर्थसंकल्पावर त्याची सही लागते आणि विधिमंडळाने केलेला कायदा तो अडवू शकतो. मात्र त्याला आमदारांच्या बहुमताची गरज नसते, कारण लोक त्याला थेट मत देतात. संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ.

दुसरी गोष्ट, जी आपल्याला सगळ्यात विचित्र वाटते : तिथे आपल्यासारखा एक निवडणूक आयोग सगळी निवडणूक घेत नाही. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. वॉशिंग्टनमध्ये ३९ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटी आपली मतं आपणच मोजते. २००४ मध्ये तर सगळ्यांकडे यंत्रंही सारखी नव्हती. कुठे पेनाने गोल भरायची मतपत्रिका होती, तर कुठे अजून भोकं पाडायचं कार्ड. या सगळ्यावर देखरेख करणारे राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट हेही पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. त्या वर्षी या पदावर सॅम रीड होते, रिपब्लिकन पक्षाचे.

## लढत कोणाची होती?

डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर गॅरी लॉक यांनी तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांच्या पक्षाकडून ख्रिस्तीन ग्रेग्वार उभ्या राहिल्या. त्या १९९३ पासून राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च सरकारी वकील, होत्या आणि १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांशी ४६ राज्यांची जी मोठी तडजोड झाली, तिच्या वाटाघाटींत त्यांचा पुढाकार होता. रिपब्लिकन पक्षाकडून डीनो रॉसी होते. जमीन-घरांच्या व्यवसायातला माणूस, माजी स्टेट सेनेटर, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या वरच्या सभागृहाचा सदस्य. २००३ मध्ये करवाढ न करता राज्याचा अर्थसंकल्प बसवण्याचं काम त्यांनी पुढाकार घेऊन केलं होतं, तेच त्यांचं भांडवल.

वीस वर्षं या राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर नव्हता, आणि २ नोव्हेंबर २००४ ला अध्यक्षपदासाठी राज्याने डेमोक्रॅटिक जॉन केरींनाच कौल दिला. तरीही गव्हर्नरपदाची लढत मधोमध येऊन अडकली. "बदल हवा" या रॉसींच्या एका वाक्याने वीस वर्षांच्या कंटाळ्याला वाट मिळाली होती.

पहिली मोजणी संपली तेव्हा रॉसी २६१ मतांनी पुढे होते. फरक २,००० मतांपेक्षा आणि अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असेल तर यंत्रावर पुनर्मोजणी करायचीच, असा तिथला कायदा होता. ती झाली आणि रॉसींची आघाडी ४२ वर आली. ३० नोव्हेंबरला सॅम रीड यांनी त्या निकालावर शिक्कामोर्तब केलं. रॉसी नियोजित गव्हर्नर झाले आणि तयारीला लागले.

पण कायद्यात अजून एक दार होतं. हरलेली बाजू स्वतःचे पैसे भरून सगळी मतं हाताने मोजायची मागणी करू शकत होती. निकाल फिरला तर पैसे परत, नाहीतर गेले. डेमोक्रॅटिक पक्षाने सुमारे ७ लाख ३० हजार डॉलर अनामत भरली. २३ डिसेंबरला हाताची मोजणी पूर्ण झाली तेव्हा ग्रेग्वार यांना १३,७३,३६१ आणि रॉसी यांना १३,७३,२३२ मतं होती. ग्रेग्वार १२९ मतांनी पुढे.

## कागद तेच, मग आकडा वेगळा कसा?

वखारीत लाकूड तोलायचा काटा असतो. टनभर लाकडात किलो-दोन किलो इकडेतिकडे झाले तर कोणी बोलत नाही, आणि बोलायचं कारणही नसतं. त्याच काट्यावर कोणी सोन्याची अंगठी ठेवली तर प्रत्येक वेळी वेगळं वजन दाखवेल. काटा खोटा नसतो, तो त्या कामासाठी बनवलेला नसतो.

मतमोजणीची यंत्रणा हा असा काटा आहे. वॉशिंग्टनमध्ये गव्हर्नरपदासाठी २८ लाख १० हजार मतं पडली. फरक १२९, म्हणजे साधारण बावीस हजार मतांमागे एक. इतका बारीक फरक हजारो माणसांच्या हातून गेलेल्या लाखो कागदांत बिनचूक पकडण्यासाठी ही यंत्रणा उभारलेलीच नव्हती. एरवी निकाल लाखाच्या फरकाने लागतात, तेव्हा यातल्या चुका असतातच, फक्त त्यांच्याकडे बघायची कोणाला गरज पडत नाही.

चुका येतात कुठून? एक मतपत्रिका समोर ठेवून पाहू. उमेदवाराच्या नावाशेजारी लंबगोल आहे आणि तो काळ्या-निळ्या पेनाने पूर्ण भरायचा आहे. एक मतदार तो नीट भरतो. दुसरा त्यात बरोबरची खूण करतो. तिसरा नावाभोवतीच गोल काढतो. चौथा आधी एक लंबगोल भरतो, मग त्यावर काट मारून दुसरा भरतो आणि शेजारी "हा" असं लिहितो. यंत्राला यातलं पहिलं मत दिसतं. दुसरं दिसेल किंवा नाही दिसणार, शाई किती गडद आहे यावर अवलंबून. तिसरं कोरं दिसतं. चौथं म्हणजे दोघांना मत, म्हणून बाद.

माणसाने हेच चार कागद पाहिले तर चारही मतदारांना काय म्हणायचं होतं ते त्याला कळतं. त्यामुळे यंत्राची मोजणी आणि हाताची मोजणी यांत फरक पडला तर त्यात घोटाळा असलाच पाहिजे असं नाही. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरायचं, असा नियम असेल तर हाताच्या मोजणीत एकूण मतं थोडी वाढणारच. शंकास्पद कागदावर निर्णय घ्यायला प्रत्येक काउंटीत तीन जणांचं मंडळ असतं. पण ३९ मंडळं म्हणजे ३९ नजरा.

## सगळ्यात मोठा वाद लिफाफ्यांचा

त्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतदारांनी टपालाने मत दिलं होतं. टपाली मताला दोन लिफाफे असतात. आतल्या लिफाफ्यात मतपत्रिका, त्यावर नाव नाही. बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराची सही. कर्मचारी बाहेरची सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळवून पाहतो. जुळली तर आतला लिफाफा बाहेर काढून वेगळ्या ढिगात टाकतो आणि तिथून ते मत कोणाचं हे कोणालाच कळत नाही. सही जुळली नाही तर लिफाफा उघडतच नाहीत.

किंग काउंटी, म्हणजे सिएटल आणि आसपासचा भाग, एकटी सुमारे नऊ लाख मतं मोजत होती. १२ डिसेंबरच्या सुमारास, हाताची मोजणी चालू असताना, काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स सही न जुळल्यामुळे मत नाकारलं गेलेल्यांची यादी चाळत होते. त्यात त्यांना स्वतःचं नाव दिसलं. वर्षानुवर्षं नियमित मत देणारा, सगळ्यांच्या ओळखीचा लोकप्रतिनिधी, आणि त्याचंच मत बाद!

शोध घेतल्यावर कळलं की सही चुकलेली नव्हतीच. जुन्या कागदी नोंदणीतली त्यांची सही संगणकात स्कॅन झालेली नव्हती. अशा वेळी कपाटातलं कागदी कार्ड काढून पडताळणी करणं हे कर्मचाऱ्यांचं काम होतं, ते न करता लिफाफा नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात गेला होता. असे आधी ५७३ लिफाफे निघाले, मग आणखी. एकूण ७३५.

ही मतं सापडली नव्हती, तर चुकीने बाजूला ठेवलेली होती. ती काउंटीच्याच ताब्यात बंद लिफाफ्यात होती आणि कोणाची आहेत त्याची नावानिशी यादी होती. पण बातम्यांच्या मथळ्यात गेलं ते "नवी मतं सापडली" हेच. पत्रकार म्हणून मला यातली आमची जबाबदारी मोठी वाटते. त्या दोन शब्दांनी जो संशय पेरला तो पुढे कोर्टाच्या कुठल्याही निकालाने पूर्ण निघाला नाही.

रिपब्लिकन पक्ष कोर्टात गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या डिसेंबरमध्ये दोन निकाल दिले आणि ते दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कळत नाहीत. १४ डिसेंबरला डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी फेटाळली गेली. नाकारलेली सगळी मतं राज्यभर पुन्हा तपासा, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, पुनर्मोजणी म्हणजे धरलेली मतं पुन्हा मोजणं, पात्रतेचा निर्णय नव्याने उघडणं नव्हे. आठवड्याभराने, २२ डिसेंबरला, त्याच कोर्टाने किंग काउंटीला ते ७३५ लिफाफे तपासायची परवानगी दिली. काउंटीला स्वतःची उघड चूक लक्षात आली असेल तर ती दुरुस्त करायचा अधिकार कायद्याने काउंटीच्याच मंडळाला दिलेला आहे, हे त्यामागचं कारण.

पडताळणीनंतर त्यातले साडेपाचशेहून जास्त लिफाफे वैध ठरले. त्याआधी ग्रेग्वार यांची आघाडी फक्त १० मतांची होती, या मतांनंतर ती शंभराच्या पुढे गेली. म्हणजे या लिफाफ्यांशिवायही हाताच्या मोजणीत त्या पुढेच होत्या. हा तपशील तेव्हाही फार कमी लोकांपर्यंत पोचला.

## "जिंकेपर्यंत मोजत राहिले" हा आक्षेप

दोनदा रॉसी जिंकले, तिसऱ्यांदा हरले आणि तिथेच मोजणी थांबवली, हा अन्याय नाही का? रॉसींच्या समर्थकांचा हा राग मला समजतो. दोनदा जिंकलेल्या माणसाच्या हातून पद गेलं तर कोणालाही तसंच वाटेल.

पण मोजणी किती वेळा आणि कोणत्या क्रमाने करायची हे निवडणुकीच्या आधीपासून कायद्यात लिहिलेलं होतं : आधी यंत्र, फरक कमी असेल तर पुन्हा यंत्र, मग मागणी आली आणि पैसे भरले तर हात. हाताच्या मोजणीनंतर चौथी मोजणी नाही. ग्रेग्वार ४२ मतांनी पुढे असत्या तर हाच हक्क रॉसींना होता. शेवटची मोजणी हाताची ठेवण्याचं कारण हे की यंत्राला न दिसणारं मत माणसाला दिसतं. नियम बदलून चौथी मोजणी घेतली असती किंवा तिसरी नाकारली असती, तर तो खरा अन्याय झाला असता.

एक गोष्ट मात्र खरी आहे. सगळ्यात जास्त चुका जिथे निघाल्या ती किंग काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाचा गड होती. तिथे चूक दुरुस्त केली की फायदा कोणाला होणार हे उघड होतं. आपल्या भागातली नाकारलेली मतं अशी कोणी शोधली का, असं पूर्वेकडच्या सफरचंदांच्या आणि गव्हाच्या पट्ट्यातल्या लोकांनी विचारलं. तो प्रश्न रास्त होता. चूक दुरुस्त करायचा अधिकार प्रत्येक काउंटीच्या मर्जीवर सोडला की असं होतं, आणि या व्यवस्थेतला हा दोष मला गंभीर वाटतो.

## बेकायदा मतं १,६७८, फरक १२९. तरी निवडणूक रद्द का झाली नाही?

१२ जानेवारी २००५ ला ग्रेग्वार यांनी शपथ घेतली. तोवर रिपब्लिकन पक्षाने निवडणूक रद्द करण्यासाठी खटला भरला होता, शेलॅन काउंटीच्या कोर्टात, वेनॅची नावाच्या गावी. मे महिन्यात न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांच्यासमोर दोन आठवडे सुनावणी चालली. ६ जूनला निकाल आला.

न्यायाधीशांनी मान्य केलं की १,६७८ मतं बेकायदा होती. त्यातली १,४०१ अशा लोकांची, ज्यांचा गुन्हा सिद्ध झाल्यामुळे मतदानाचा हक्क गेला होता आणि परत मिळालेला नव्हता. १९ मतं मृत व्यक्तींच्या नावावर, ६ दुबार. उरलेली २५२ तात्पुरती मतं होती. यादीत नाव सापडलं नाही तर मतदाराला तिथे तात्पुरतं मत देता येतं, ते लिफाफ्यात राहतं आणि पडताळणीनंतरच मोजायचं असतं. ही मतं पडताळणीआधीच केंद्रावरच्या यंत्रात गेली आणि एकदा आत गेल्यावर कोणती कोणाची हे सांगणं शक्य राहिलं नाही.

बेकायदा मतं फरकाच्या तेरापट, तरीही खटला फेटाळला गेला. इथे बहुतेक वाचक अडखळतात. पण न्यायाधीशांपुढचा प्रश्न वेगळा होता : ही मतं काढून टाकली तर निकाल बदलतो का? ते कळायला ती कोणाला पडली होती हे माहीत हवं. मतदान गुप्त आहे, त्यामुळे ते माहीत नाही.

रिपब्लिकन पक्षाने त्यावर एक हिशेब मांडला. एखाद्या केंद्रावर ६० टक्के मतं ग्रेग्वार यांना पडली असतील तर तिथल्या बेकायदा मतांपैकीही ६० टक्के त्यांच्याकडून वजा करा. बेकायदा मतं किंग काउंटीत जास्त दाखवलेली असल्यामुळे या हिशेबाने रॉसी जिंकत होते. न्यायाधीशांनी तो स्वीकारला नाही. शिक्षा झालेला माणूस त्याच्या शेजाऱ्यांसारखंच मत देतो हे कशावरून? शिवाय दोन्ही पक्षांनी बेकायदा मतदार शोधताना आपापल्या सोयीच्या भागात जास्त शोध घेतला होता.

प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो फक्त पाच जणांचा. त्यातल्या चौघांनी रॉसींना आणि एकाने तिसऱ्या, लिबर्टेरियन पक्षाच्या रूथ बेनेट यांना मत दिल्याचं निष्पन्न झालं. ती मतं वजा झाली आणि ग्रेग्वार यांची आघाडी १२९ वरून १३३ झाली. निवडणूक रद्द करायला भरलेल्या खटल्यातून आघाडी चार मतांनी वाढली! रॉसींनी अपील केलं नाही.

## मुंबई वायव्यची ४८ मतं

हे तत्त्व आपल्याकडेही तेच आहे. मुंबई वायव्यमध्ये ईव्हीएमच्या मोजणीत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मतं मिळवल्यावर शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या आक्षेपांत प्रदत्त मतांचा मुद्दा होता. आपण केंद्रावर पोचायच्या आधी आपल्या नावाने दुसराच कोणी मत देऊन गेला असेल, तर खऱ्या मतदाराला जी वेगळी मतपत्रिका मिळते ते प्रदत्त मत.

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०० सांगतं की मतांच्या बाबतीत नियम मोडला एवढं दाखवून भागत नाही, त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे याचिकेत मांडावं आणि सिद्ध करावं लागतं. गुप्त मतदानात हे सिद्ध करणं किती अवघड आहे ते आपण वर पाहिलं. हरलेल्या उमेदवारावर हे ओझं जड आहे, मान्य. पण ते हलकं केलं तर कमी फरकाची प्रत्येक निवडणूक कोर्टात रद्द करता येईल, कारण बारकाईने शोधलं तर प्रत्येक मतदारसंघात ४८ शंकास्पद मतं सापडतात.

## मग सरळ पुन्हा मतदान का घेत नाहीत?

रॉसींनी डिसेंबरच्या शेवटी हीच मागणी केली होती. ऐकायला न्याय्य वाटते. पण महिन्या-दोन महिन्यांनी घेतलेलं मतदान ही नवी निवडणूक असते. मतदार वेगळे येतात. अध्यक्षपदाची निवडणूक सोबत नसल्यामुळे कमी येतात. प्रचाराचा पैसा नव्याने ओतला जातो आणि रूथ बेनेट यांना मत दिलेले ६३ हजार लोक आता वेगळा विचार करतात. २ नोव्हेंबरला लोकांना काय हवं होतं याचं उत्तर त्यातून मिळत नाही. २००८ मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि ग्रेग्वार सहा टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकल्या. त्यावरून २००४ चा निकाल बरोबर होता असंही म्हणता येत नाही आणि चूक होता असंही नाही.

## बातमीदाराने यात काय सांगायचं?

माझ्या मते २००४ चा निकाल कायद्याने पूर्ण बरोबर होता. राज्यातल्या जास्त लोकांना ग्रेग्वारच हव्या होत्या का, हे १२९ मतांवरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच बातमीत लिहायला हवीत. आम्ही बहुतेक वेळा पहिलं तरी लिहितो किंवा दुसरं तरी.

मतमोजणीच्या रात्री "अमुक आघाडीवर" असं आम्ही सांगतो, तेव्हा कोणत्या भागातली मतं मोजून झाली आणि कोणती राहिली हे सांगत नाही. वॉशिंग्टनमध्ये मतदानाच्या दिवशीचा टपालाचा शिक्का असलेलं मत नंतर पोचलं तरी चालतं, त्यामुळे मोजणी दिवसेंदिवस चालते. हे आधीच माहीत असलेल्या वाचकाला तिसऱ्या दिवशी बदललेला आकडा धक्का देत नाही. असोसिएटेड प्रेससारखी वृत्तसंस्था पुनर्मोजणीच्या टप्प्यात असलेल्या लढतीत सहसा विजेता जाहीरच करत नाही. आपल्या वाहिन्यांनीही हे करायला काही हरकत नाही.

दुसरी सवय विश्लेषणाची. "या मुद्द्याने निवडणूक फिरली" असं वाक्य लिहायला फार सोपं असतं. त्या वर्षी सुमारे ४९ हजार मतदारांनी अध्यक्षपदासाठी मत दिलं आणि गव्हर्नरपदाचा रकाना रिकामा ठेवला. १२९ मतं फिरवायला पाऊस पुरतो, एका गावातला बंद रस्ता पुरतो. एवढ्या कमी फरकात प्रत्येक कारण खरं ठरतं, म्हणून कुठलंही एक कारण मोठं करून सांगणं ही वाचकाची फसवणूक आहे.

## त्यानंतर काय बदललं?

बरंच. राज्याने २००६ पासून सगळ्या काउंट्यांची मिळून एक मतदारयादी केली, म्हणजे दुबार आणि मृत मतदार लवकर सापडावेत. पुढे किंग काउंटीने आपला निवडणूक संचालक थेट लोकांतून निवडायला सुरुवात केली. २०११ पर्यंत पूर्ण राज्य टपाली मतदानावर गेलं. १,४०१ मतांचा तो घोळ मुळात का झाला, हेही बघितलं गेलं. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला दंडाचा शेवटचा डॉलर भरेपर्यंत हक्क मिळत नसे आणि तो मिळाला की नाही हे त्याला स्वतःलाही धड माहीत नसे. २००९ मध्ये हा नियम सैल झाला आणि २०२२ पासून तुरुंगातून बाहेर आलेल्याला हक्क आपोआप परत मिळतो.

सहीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०२२ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० च्या निवडणुकीतली नाकारलेली मतं तपासली. कर्मचारी जाणूनबुजून पक्षपात करतात असा पुरावा मिळाला नाही. तरीही कृष्णवर्णीय मतदारांची मतं नाकारली जाण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या चौपट होतं, आशियाई वंशाच्या मतदारांचं साधारण दुप्पट. तरुणांचंही जास्त होतं. पूर्ण टपाली मतदान असलेल्या राज्यात हा फार मोठा दोष आहे आणि अटीतटीच्या लढतीत पुढचा खटला यावरूनच उभा राहील असं मला वाटतं.

रेडमंड-बेल्व्ह्यूला राहणाऱ्या, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकांसाठी म्हणून एवढं सांगतो. तुमची सही नोंदणीनंतर बदलली असेल तर ती काउंटीकडे अद्ययावत करून घ्या. मत टाकल्यावर ते स्वीकारलं गेलं का हे राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं. सही जुळली नाही तर काउंटी पत्र पाठवते आणि निकालावर शिक्कामोर्तब होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत नवी सही देऊन मत वाचवता येतं. ते पत्र जाहिरात समजून टाकून देऊ नका.